दहा हजार लक्सचा दिवा : स्टॉकहोममधल्या सोलापूरकरणीचं परीक्षण

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय होईल. लाइट थेरपीचा दिवा, म्हणजे काळोख्या हिवाळ्यातली मरगळ घालवायला रोज सकाळी ज्याच्यापुढे बसायचं तो, घ्यावा. पाचात साडेतीन तारे. नोव्हेंबरात, जानेवारीत आणि अर्ध्या फेब्रुवारीपर्यंत तो कामाला येतो. डिसेंबरात मात्र आमच्याकडे तो खिडकीच्या कट्ट्यावर धूळ खात पडलेला असतो. तेव्हाच का पडून असतो, हे सांगायचं म्हणून हे परीक्षण एवढं लांबलंय. ज्यांना नुसती खरेदी करायची आहे त्यांनी शेवटचा भाग वाचावा आणि मोकळं व्हावं. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण मैत्रिणींच्या घरी वेगवेगळ्या कंपन्यांच्या दिव्यांपुढे बसून झालंय आणि खोक्यावरच्या फोटोतली हसरी बाई सोडली तर त्यांच्यात फारसा फरक नाही.

मी सोलापूरची. आमच्याकडे ऊन ही चुकवायची गोष्ट. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला टेकला की दुपारी बारा ते चार खिडक्या बंद, फरशीवर पाणी मारलेलं, आणि कुणी बाहेर निघालं की आतून हाक आलीच, "डोक्याला काहीतरी बांध की!" अशा गावातून येऊन मी आता उजेडाला पैसे मोजते. स्टॉकहोम ५९ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरला इथे सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि पावणेतीनच्या सुमाराला मावळतो. सहा तासांचा दिवस. त्याच दिवशी सोलापुरात सूर्य अकरा तास वर असतो. बरं, या सहा तासांतही भर दुपारी तो क्षितिजाच्या जेमतेम ७ अंश वर येतो, म्हणजे समोरच्या चार मजली इमारतीमागून आमच्या घराला दिसतच नाही. ढग असले, आणि असतातच, तर दिवस उजाडला हे घड्याळावर विश्वास ठेवून मान्य करायचं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. सकाळी अंधारात मेट्रोत शिरायचं, संध्याकाळी अंधारात बाहेर यायचं.

नोव्हेंबर लागला की अंग जड होतं. नऊ-दहा तास झोपूनही डोळे उघडत नाहीत. संध्याकाळी भात आणि गोड यांच्यापलीकडे काही सुचत नाही. फोन वाजला तर तो आपोआप बंद होण्याची वाट बघावीशी वाटते. नेहमीच्या नैराश्यात झोप आणि भूक बहुधा उडते; ऋतूबरोबर येणाऱ्या या प्रकारात बहुधा दोन्ही वाढतात. १९८४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतले डॉ. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचं पहिलं शिस्तशीर वर्णन केलं आणि त्याला 'सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर', म्हणजे ऋतूबरोबर येणारं नैराश्य, असं नाव दिलं. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. अमेरिकेत आल्यावर हिवाळ्यात आपली कामाची उमेद ओसरते, हे त्यांनी आधी स्वतःवर पाहिलं होतं. हे वाचून मला बरं वाटलं होतं. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसालाच हे आधी जाणवणार, नाही का?

आता दिवा. आकार ए-फोर कागदाएवढा, जाडी दोन बोटं, पुढून पांढरा पत्रा, उजेड त्यातून येतो. मागे तारेचा एकच पाय आहे आणि तो गुळगुळीत टेबलावर मागे सरकतो, म्हणून आमचा दिवा शेंगाच्या चटणीच्या डब्याला टेकवून उभा असतो. बटण स्पर्शाचं. बोट ओलं असेल तर ऐकत नाही, आणि सकाळी स्वयंपाकघरात कुणाचं बोट कोरडं असतं? अर्ध्या तासाचा टायमर आहे, तो संपला की आवाज न करता बंद होतो, ही मात्र अक्कल ज्याने कुणी लावली त्याला मनापासून धन्यवाद.

उजेड कसा, तर एसटी स्टँडवरच्या उपाहारगृहातल्या ट्यूबलाइटसारखा, फक्त नाकाच्या शेंड्यावर आणून ठेवलेला. त्याच्यात पोह्यांची हळद फिकी दिसते. टेबलावरचा कालचा आमटीचा थेंब दिसतो, नवऱ्याच्या कानामागचे पांढरे केस दिसतात, बरणीच्या झाकणाच्या खाचेत अडकलेली मोहरी दिसते. पहिल्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "आई, आपण डेंटिस्टकडे आलोय का?" सकाळच्या प्रहरी कुणालाही आवडेल असं या उजेडात काही नाही. आवडण्यासाठी तो नाहीच.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "रोज दिव्यापुढं बसायलीस म्हणे? कुठल्या देवाच्या?"

"देवाचा नाही गं, औषधाचा दिवा आहे."

"औषध म्हणतीस, मग कडू तरी आहे का?"

कडू नाही, कंटाळवाणा आहे. आणि कंटाळा हाच या औषधाचा खरा दोष, त्याकडे पुढे येते.

तो काम कसं करतो ते थोडक्यात. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. त्यांना आकृती-चेहरे यांच्याशी देणंघेणं नसतं. उजेड किती आहे, विशेषतः निळसर उजेड किती आहे, एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. या पेशी स्वतःच प्रकाश टिपतात हे २००२ मध्ये पक्कं कळलं. घड्याळाला उजेडाची खबर पोचली की झोपेचं मेलाटोनिन थांबतं आणि शरीराचा दिवस सुरू होतो. हिवाळ्यात ही खबर उशिरा पोचते आणि अर्धवट पोचते. घरातल्या दिव्यांनी का भागत नाही, याचं उत्तर आकड्यांत आहे. लक्स हे उजेड मोजायचं माप. आपल्या दिवाणखान्यात संध्याकाळी शंभर ते तीनशे लक्स उजेड असतो, बऱ्यापैकी ऑफिसात पाचशे. आपले डोळे एवढे जुळवून घेतात की हा फरक जाणवतच नाही. मेच्या दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर लाखभर लक्स असतो, फुकट, नको तेवढा.

म्हणून दहा हजार. सुरुवातीच्या प्रयोगांत अडीच हजार लक्सचे दिवे होते आणि लोकांना त्यांच्यापुढे तासन् तास बसावं लागायचं. दहा हजारला अर्ध्या तासात भागतं. दिवा डोळ्यांच्या किंचित वर आणि जरा बाजूला ठेवायचा, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळे उघडे ठेवून आपलं खाणं, वाचणं चालू द्यायचं. सकाळी उठल्यावर तासाभराच्या आत. रात्री लावलात तर झोप गेलीच म्हणून समजा. आमच्याकडे एकाने मॅच बघताना लावला होता, तो रात्री दोन वाजता कपाट आवरत होता.

फरक पडतो का? पडतो. आठवडाभरात गजराच्या थोडं आधी जाग यायला लागते. दुपारी तीनला खुर्चीत जो गोळा होऊन बसायचे तो प्रकार कमी होतो. गोडाची ओढ थोडी सुटते, सगळी नाही. पण फोन उचलावासा वाटणं, कुणाकडे जावंसं वाटणं, शनिवारी घराबाहेर पडण्याचं निमित्त सुचणं, हे दिव्याने होत नाही. अंग उठतं, मन उठेलच असं नाही. मी कापलेल्या ताऱ्यांपैकी मोठा वाटा इथे गेला. तसं बघायला गेलं तर हा दिव्याचा दोष नाही, खोक्यावर 'आनंद' लिहिणाऱ्यांचा आहे.

आता नोव्हेंबर आणि डिसेंबरबद्दल, कारण दिव्यापुढे बसूनच हे माझ्या लक्षात आलं. हिशेबाने बघितलं तर डिसेंबर जास्त काळोखा. तरी इथल्या कुणालाही विचारा, वाईट महिना नोव्हेंबर. पानं झडून गेलेली, बर्फ अजून पडलेला नाही, त्यामुळे जमिनीवर उजेड परतवणारं पांढरं काही नाही. ओला काळा डांबरी रस्ता आणि साडेतीनपासून रात्र. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेलेली असतात, त्याने संध्याकाळ एका रात्रीत गायब होते. सुट्टी म्हणावी तर सुरुवातीचा एक शनिवार, सर्व संतांचा दिवस. त्या संध्याकाळी लोक दफनभूमीत जाऊन मेणबत्त्या लावतात. दक्षिण स्टॉकहोमची स्कोग्सशिर्कोगोर्डेन ही दफनभूमी जागतिक वारसा यादीत आहे, पाइनच्या जंगलात वसवलेली. त्या संध्याकाळी तिथे हजारो ज्योती झाडांच्या बुंध्यांशी जमिनीलगत लागलेल्या असतात आणि कुणी मोठ्याने बोलत नाही. जरूर जा. पण त्याच्यानंतर महिनाअखेरपर्यंत काहीही नाही. माझा दिवा सगळ्यात जास्त जळतो तो या रिकाम्या आठवड्यांत.

आणि इथे आपली दिवाळी येते, किंवा येत नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आलं. काळोख्या महिन्याचे बरोबर दोन तुकडे झाले. आधीचे दिवस चकल्या, करंज्या, मंडळाच्या कार्यक्रमाची तालीम यांत गेले, नंतरचे उरलेला फराळ संपवण्यात. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, घड्याळं मागे जाण्याच्याही आधी. ती दिवाळी उजेडात झाली आणि पुढचा सगळा नोव्हेंबर मोकळा पडला. दिवा तोच, टेबल तेच, अर्धा तास तोच, तरी २०२५ चा नोव्हेंबर मला कितीतरी जड गेला. पंचांगातला अधिक मास स्टॉकहोममधल्या बाईच्या मनःस्थितीला असा उपयोगी पडेल हे कुठल्या ज्योतिषाने सांगितलं नसतं. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मी आत्तापासून खूश आहे.

डिसेंबर मात्र इथल्या लोकांनी बांधून काढलेला आहे. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे अ‍ॅडव्हेंट. पहिला रविवार नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला येतो, आणि त्या संध्याकाळी अख्ख्या शहराच्या खिडक्यांत सात दिव्यांची त्रिकोणी दीपमाळ लागते, कागदी तारे टांगले जातात. ही विजेची दीपमाळ १९३० च्या दशकातली. योतेबोर्गला फिलिप्समध्ये काम करणाऱ्या ऑस्कर आंदेर्शोन यांची कल्पना, पुढे कंपनीनेच ती बाजारात आणली. जुन्या पद्धतीच्या माळेत सातही बल्ब एकाच सरीत असतात. २३० व्होल्ट सातांत वाटले गेले की एकेकाच्या वाट्याला साधारण तेहतीस येतात, प्रत्येक बल्ब तीन वॅटचा. एक जरी सैल झाला तरी सातही विझतात. आमच्याकडची माळ शेजारच्या आजींनी दिलेली, तीत चौथा बल्ब दर वर्षी सैल होतो. चिमटीत धरून पाव फेरा पिळला की सगळी कमान एकदम लागते, आणि ते पिळण्याचं काम घरात कुणाचं यावर दोघा बापलेकांत भांडण होतं.

एकवीस वॅटची ती माळ. लक्समध्ये मोजली तर माझ्या दिव्यापुढे ती कुठेच नाही; तिच्या उजेडात पेपरसुद्धा वाचता येत नाही. पण ती आपल्यासाठी नसतेच. ती खिडकीत लावतात, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावी म्हणून. मी संध्याकाळी मेट्रोतून उतरून घरी चालत येते तेव्हा मला माझी माळ दिसत नाही, दुसऱ्यांच्या दिसतात. माझी त्यांना. उपचाराचा दिवा फक्त माझ्या तोंडावर पडतो, आणि अर्ध्या तासाने बंद होतो. आमच्या बाल्कनीतला आकाशकंदीलही रस्त्यासाठीच टांगलेला असतो हे मला सोलापुरात कधी मुद्दाम कळायची गरजच पडली नव्हती. इथे तो दिवाळीला लावला तेव्हा त्याच आजी म्हणाल्या, "तुमचा तारा फार लवकर लागला." इथे पहिल्या रविवारच्या आधी दिवे लावणं जरा उतावीळपणाचं मानतात. मी दिवाळी समजावून सांगितली. पुढच्या वर्षी त्यांनीच विचारलं, "अजून कसा नाही लावला?"

मग १३ डिसेंबरला लुसिया. पांढरे झगे, कमरेला लाल फीत, पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, शाळेत अर्थात बॅटरीवरचा. सकाळी शाळेच्या हॉलमधले दिवे मुद्दाम बंद करतात, आईबाप अंधारात दाटीवाटीने उभे, आणि दाराकडून गाणं ऐकू यायला लागतं. मुलगे टोकदार टोपी घालून तारा हातात घेतात किंवा आल्याच्या बिस्किटाचा वेश करतात. आमच्या चिरंजीवांना दर वर्षी बिस्किटच व्हायचं असतं, कारण त्याला गाण्यात उभं राहून हात हलवण्यापलीकडे काही करावं लागत नाही. नंतर केशराचे पाव आणि कॉफी. इथे केशर अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत मिळतं, आणि डिसेंबरात किराणा दुकानातल्या काउंटरवर त्या पुड्यांची रांग असते. मी चार पुड्या जास्त घेते, श्रीखंडाला.

जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेत, मध्ययुगात, ही वर्षातली सगळ्यात मोठी रात्र मानली जायची. दिनदर्शिका सुधारली, लुसियाची तारीख तीच राहिली आणि खरी मोठी रात्र आठवडाभर पुढे गेली. आपल्या संक्रांतीचं नेमकं उलटं झालंय. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रांतही त्याच सुमाराला यायची, पण पृथ्वीच्या आसाच्या डुलण्यामुळे ती दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस या हिशेबाने सरकत १४ जानेवारीला आली. दोन्ही सणांचा नेम चुकला, एकाचा अलीकडे, दुसऱ्याचा पलीकडे. त्यामुळे झालंय असं, की मला मोठ्या रात्रीच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सण मिळतात. तक्रार नाही.

तर डिसेंबरात दर रविवारी एक मेणबत्ती, मध्ये लुसिया, ऑफिसची मेजवानी, शाळेतलं बिस्किट, कुणाकडे तरी गरम मसाल्याची वाइन, पुढच्या आठवड्याचं काहीतरी सामान आणायचं. दिव्यापुढे बसायला सकाळी अर्धा तास उरत नाही आणि उरला नाही याचं काही वाटत नाही. झोप तेव्हाही जास्तच येते हं, शरीराला अ‍ॅडव्हेंट कळत नाही. पण फोन मी उचलते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. अ‍ॅडव्हेंट सगळ्यांचा असतो, २४ डिसेंबर मात्र त्यांचा. त्या दिवशी दुपारी दुकानं बंद व्हायला लागतात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, प्रत्येक जण आपापल्या माणसांत. महिनाभर जे शहर खिडक्यांतून आपल्याशी बोलत होतं ते आत वळून बसतं. इथल्या एकट्या राहणाऱ्या पोरापोरींना मी आवर्जून सांगते, या संध्याकाळची सोय नोव्हेंबरातच करून ठेवा. आम्ही चार-पाच मराठी घरं एकत्र जमतो, पुरणपोळ्या करतो, पत्ते खेळतो. नाताळशी त्याचा काही संबंध नाही. नसला तरी चालतं.

१३ जानेवारी हा इथे क्नूटचा दिवस. त्या दिवशी नाताळ अधिकृतपणे संपतो, खिडक्यांतल्या माळा उतरतात, झाड घराबाहेर जातं. आणि बहुतेक वर्षी त्याच दिवशी आपली भोगी, आणि सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा. सात नंदीध्वज, पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतले मानकरी, संमती कट्ट्याभोवती माणसांचा समुद्र. हिवाळ्यात आपण भारतापेक्षा साडेचार तास मागे, त्यामुळे तिथला दुपारचा सोहळा इथे न्याहारीच्या वेळेला मोबाइलवर थेट दिसतो. दिव्याचा अर्धा तास पुन्हा सुरू झालेला असतो. मोबाइल दिव्याला टेकवलेला, ताटलीत बाजरीची भाकरी, आणि 'दिड्डम दिड्डम' ऐकू आलं की मी टेबलावरून तांदूळ टाकते. काही दाणे दिव्याच्या फटीत जाऊन बसलेत, दिवा हलवला की ते वाजतात. वॉरंटीत हे बसत नसावं.

'संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो' हे आपण लहानपणापासून ऐकतो. सोलापुरात तो रोज मिनिटभरानेही वाढत नाही. इथे फेब्रुवारीत रोज चार-पाच मिनिटं वाढतो, म्हणजे आठवड्याला अर्धा तास. फेब्रुवारीच्या मध्यावर एका सकाळी दिवा लावायचा राहून जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

कंटाळ्याचं राहिलं. अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांनी १७७ जणांवर अभ्यास केला: काहींना रोज सकाळी दिवा, काहींना सहा आठवडे गटात बोलण्याचा उपचार, ज्यात विचारांची वळणं तपासायची आणि हिवाळ्यात मुद्दाम कार्यक्रम आखायचे. त्या हिवाळ्यात दोघांनाही सारखाच गुण आला. त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मात्र दिवेवाल्यांपैकी जवळजवळ ४६ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, बोलण्याच्या गटात २७ टक्क्यांना. दिव्याचा गुण दिवा लावेपर्यंतच, आणि पुढच्या वर्षी तो माळ्यावरून काढायचाच कंटाळा येतो, असं माझं मत. घराबाहेर पडायचे बेत आधी आखून ठेवा, हे तिथे शिकवावं लागलं. अ‍ॅडव्हेंटवाल्यांनी ते चार रविवारांत लावून ठेवलंय.

आता खरेदी. खोक्यावर '१०,००० लक्स' ठळक असतं. किती अंतरावर, ते आतल्या कागदावर बारीक. १५ सेंटिमीटर लिहिलं असेल तर परत ठेवा, एवढ्या जवळ बसून चहासुद्धा पिता येत नाही. २५ ते ३० सेंटिमीटरवर दहा हजार देणारा घ्या. अंतर वाढवलं की उजेड झपाट्याने उतरतो, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात लावून फिरत राहणाऱ्यांना काही मिळत नाही. अतिनील किरण गाळलेले आहेत असं स्पष्ट लिहिलेलं हवं. त्यामुळेच या दिव्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. साधारण ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊनही ते देत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला तर आणखी कमी. त्याच्या गोळ्या वेगळ्या, डॉक्टरांना विचारून. पत्रा मोठा बघा, छोट्या गोल दिव्यापुढे मान हलवायची सोय नसते. किंमत हजार-दीड हजार क्रोनरच्या आसपास. त्याहून महाग घेतलात तर लाकडी चौकट मिळेल, उजेड तोच.

डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, उजेडाने त्रास होईल अशी औषधं चालू असतील, किंवा मन कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. पहिले काही दिवस डोकं दुखतं, वेळ कमी करा. आणि उठावंसंच वाटत नाही, जगावंसं वाटत नाही इथवर गोष्ट आली असेल तर दिवे बघत बसू नका, ११७७ या इथल्या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकाला फोन लावा, ते पुढची वाट सांगतात; जिवाला धोका वाटला तर थेट ११२.

फुकटचे पर्यायही आहेत. ढगाळ दुपारीही बाहेर काही हजार लक्स असतो, घरापेक्षा कितीतरी पट. माझे स्वीडिश सहकारी बाराला जेवून वीस मिनिटं चालून येतात, पाऊस असो नाहीतर काही. मी जाते तेव्हा दुपारचा गोळा होत नाही. उत्तरेला उमेओ शहरात वीज कंपनीने २०१२ साली तीसेक बसथांब्यांवर असे दिवे लावले होते. बस उशिरा आली तर उपचार जास्त.

तारे कापले ते असे: खोक्यावरच्या 'आनंदा'साठी एक, सरकणाऱ्या पायासाठी अर्धा. ओल्या बोटाचं माफ केलं. घ्यायचा तर नोव्हेंबरात दुकानात धावू नका, तेव्हा किमती चढलेल्या असतात आणि चांगले संपलेले. मार्चमध्ये वापरलेल्या वस्तूंच्या साइटवर हेच दिवे अर्ध्या किमतीत ढिगाने येतात. विकणाऱ्याला समोर लावून दाखवायला सांगा, पत्र्यावर काळे डाग पडलेत का ते बघा. मी माझा मात्र विकत नाहीये. मार्चपासून तो मेथीच्या ट्रेवर लावते, आणि मेथीला काही कंटाळा येत नाही.